न्यायसहायक विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण (कोल्हापूर परिसर)

न्यायसहायक विज्ञान म्हणजे गुन्ह्याच्या तपासासाठी व न्यायालयीन निर्णयासाठी रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आदी विज्ञानांचा केला जाणारा उपयोग. या विषयाची एम.एस्सी. पदवी साधारणतः दोन वर्षांची, म्हणजे चार सत्रांची असते. हे शिक्षण आणि न्यायवैद्यकशास्त्र यांची अनेकदा गल्लत होते. शवविच्छेदन करणारा डॉक्टर एम.बी.बी.एस.नंतर न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. करतो, त्याने राखून ठेवलेला व्हिसेरा तपासणारा रासायनिक विश्लेषक मात्र विज्ञान शाखेतून आलेला असतो.

पार्श्वभूमी

भारतात या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण सागर विद्यापीठात १९५९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात मुंबई, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व नागपूर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय गांधीनगरला असून कोल्हापूरकरांना तुलनेने जवळ असलेला त्याचा परिसर गोव्यात, फोंड्याजवळ आहे.

कोल्हापुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असून ती मुंबईतील कालिना येथील संचालनालयाच्या अधिपत्याखाली चालते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला संलग्न सीपीआर रुग्णालय शहरातच आहेत.

घटनास्थळाचे प्रशिक्षण

अभ्यासक्रमाचा हा सर्वांत कस पाहणारा भाग होय, कारण प्रयोगशाळेतील चूक फेरतपासणीत सुधारता येते, परंतु तुडवले गेलेले घटनास्थळ पुन्हा मिळत नाही. विद्यार्थ्यास प्रथम जागा बंदिस्त करणे, छायाचित्रे घेणे व मोजमापासह नकाशा काढणे शिकवले जाते. कोणत्याही वस्तूला हात लावणे त्यानंतरच येते. रक्ताने भिजलेले कापड सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवतात. प्लास्टिकमध्ये कोंडल्यास ओलाव्याने जिवाणू वाढतात व डीएनए नष्ट होतो. विषबाधेच्या संशयात व्हिसेरा सामान्यतः मिठाच्या संपृक्त द्रावणात राखतात.

पुस्तकातील घटनास्थळ बहुधा चार भिंतींच्या आतले असते. कोल्हापूर जिल्ह्यात ते उसाचा फड, विहीर किंवा नदीकाठही असू शकते, आणि गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या तालुक्यात पावलांचे ठसे एका सरीत पुसले जातात. अशा ठिकाणी आधी काय उचलावे याचा निर्णय जागेवरच करावा लागतो.

जप्त मुद्देमालावर लाखेची मोहोर, पंचांच्या सह्या आणि तो कोणी, केव्हा, कोणाकडे सोपवला याची अखंड नोंद आवश्यक असते. ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी निर्दोष रासायनिक अहवालावर बचाव पक्ष संशय निर्माण करू शकतो.

कायद्यातील बदल

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे व त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करवून घेणे अपेक्षित आहे. ही तरतूद लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पूर्वी हे काम प्रामुख्याने तपास अधिकारी व पंच यांच्यावर सोपवलेले असे. त्यामुळे प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज वाढली असून ती केवळ वाहने व उपकरणे खरेदी करून भागणारी नाही.

तज्ज्ञाचा अहवाल पुरावा म्हणून दाखल होऊ शकतो, तथापि न्यायालय त्यास साक्षीसाठी बोलावू शकते. म्हणून काही संस्थांत उलटतपासणीचा सराव घेतात. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कार्यरत झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील फौजदारी अपिलांत अशा अहवालांची छाननी आता कोल्हापुरातच होते.