साखरेवरचा आळ

उधना-जळगाव लोहमार्गावरील चलथाण हे सुरत जिल्ह्यातील गाव साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित झाले आहे. हंगाम आला की डांग व खानदेशातील मजूर ऊसतोडणीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात. अशा ऊसमुलखात एखाद्या लहानग्याला मधुमेह जडला, की बोट सहजच साखरेकडे वळते, आणि ती हातावर ठेवणाऱ्या आईकडेही. परंतु बालपणी उद्भवणाऱ्या मधुमेहाच्या संशोधनाचा इतिहास या दोघींनाही निर्दोष ठरवितो.

१९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन हाती आणले. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते टोचण्यात आले. ज्या मुलांना मरणच ठरलेले असे, ती जगू लागली. मात्र स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी मुळात नष्ट का व्हाव्यात, हे कोडे उरले. १९७४ साली लंडनमध्ये बोत्ताझो व त्यांच्या सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या रक्तात याच पेशीपुंजांविरुद्ध प्रतिद्रव्ये आढळली. शरीराचे रक्षकच घरावर उलटतात, हे हळूहळू स्पष्ट झाले.

मग हे सर्वांच्याच बाबतीत का घडत नाही? जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली रक्षकांना आवर घालणाऱ्या नियामक पेशी दाखवून दिल्या. २००१ साली ब्रंको व रॅम्सडेल यांनी फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. या पेशींची घडण त्याच्याच हाती असते. ते बिघडल्यास तान्ह्या बालकालाही मधुमेह होऊ शकतो. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक लाभले. असा एकाच जनुकाचा दोष विरळा; बहुतेक रुग्णांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो.

हा वाटा मोजण्याची रीत प्रथम युरोपीय रुग्णांवरून बसविली गेली. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची पेशी व रेणू जीवशास्त्र संस्था आणि एक्झिटर विद्यापीठ यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती भारतीयांतही मधुमेहाचे प्रकार ओळखण्यास उपयोगी ठरली. हा भेद जिवाशी निगडित आहे, कारण बालमधुमेहात इन्शुलिनला पर्याय नाही.

जनुकांचा कल म्हणजे विधिलिखित नव्हे. जुळ्यांपैकी एकाला हा रोग झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. रोग जडल्यावर साखर मापून खावी लागते, पण ती त्याचे मूळ नव्हे. उसाच्या फडातील आईला दोष नको. तिच्या लेकराला वेळेवर इन्शुलिन हवे.