चारशे यार्डांवरचा खोळंबा

टीसीपीडम्प, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहितीची पाकिटं (पॅकेट) पकडून दाखवणारी आज्ञा, हे नाव अनेकांच्या बायोडेटात असतं. मुलाखतीत कुणी ‘बरं, एखादा फिल्टर लिहून दाखवा’ म्हटलं की चेहरा उतरतो. काळ्या पडद्यावर ओळी भराभरा वर सरकू लागतात, एकीचा अर्थ लावेपर्यंत शंभर निघून गेलेल्या असतात, आणि माणूस घाईघाईने कंट्रोल-सी दाबतो. मीही कैक वर्षं तेच करत आलो. या ओळी अशाच का दिसतात हे कळल्यावर माझी भीड चेपली, आणि ते उत्तर सापडतं १९८६ च्या ऑक्टोबरात.

कॅलिफोर्नियात टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे आणि शेजारीच बर्कलीचं विद्यापीठ. नेटवर्कच्या दोन ठिकाणांमधलं अंतर चारशे यार्ड, वाटेत दोन टप्पे. एरवी सेकंदाला ३२ हजार बिट वाहून नेणारी ही वाट त्या महिन्यात ४० बिटांवर आली. सेकंदाला पाच इंग्रजी अक्षरं! चिठ्ठी घेऊन कुणी चालत गेला असता तरी आधी पोचला असता. प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले माइक कॅरेल्स या खोळंब्याच्या मागे लागले. पॅकेट पोचल्याची पोच वेळेत आली नाही की यंत्रं तेच पॅकेट पुन्हा पाठवत होती, आणि तुंबलेली वाट आणखी तुंबवत होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधातले उपाय आजही इंटरनेट सांभाळतात.

पण उपाय सुचायला आधी तारेतून काय जातंय ते दिसायला हवं. सन कंपनीच्या यंत्रांवर ‘इथरफाइंड’ नावाची एक आज्ञा होती, ती पुरेना. म्हणून जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन या प्रयोगशाळेतल्या तिघांनी १९८८ च्या सुमारास स्वतःचं हत्यार घडवलं: टीसीपीडम्प. ‘डम्प’ म्हणजे ओतणं; आपल्याकडे वाळू ओतणारा डंपर असतो, त्यातलंच. नाव इतकं रांगडं असलं तरी ते जे ओततं ते फार निवडून.

कारण त्या ओळीत पाहा काय असतं. सुरुवातीला वेळ, तीही सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत. मग कुणाकडून कुणाकडे. मग खुणेची अक्षरं, पाठवलेल्या बाइटांचा क्रमांक, पोच कुठवर आली, आणि समोरच्याकडे अजून किती जागा आहे. पोच कधी आली, काय पुन्हा पाठवलं गेलं, कोण कुणाची वाट पाहतंय: तुंबलेल्या वाटेपाशी उभ्या माणसाला याखेरीज काय हवं असतं? खरा क्रमांक चार अब्जांपर्यंतचा कुठलाही अगडबंब आकडा असू शकतो. हत्यार सुरुवातीचा आकडा वजा करून मोजणी एकापासून दाखवतं. नवख्याला गचाळ वाटणारी ती ओळ म्हणजे एका नेमक्या प्रश्नाचा साचा आहे. प्रश्न हाताशी नसताना ती वाचायला बसलं तर ती कुणालाही परकीच वाटणार.

फिल्टरची भाषाही अशीच. ‘होस्ट अमुक अँड पोर्ट ८०’ हे जवळजवळ बोलल्यासारखं वाक्य आहे. आत मात्र त्या वाक्याचा एक इवलासा प्रोग्रॅम बनतो आणि तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात जाऊन बसतो, म्हणजे नको ती पॅकेट तिथेच गळतात, वर आणण्याचा हमाली खर्च वाचतो. मॅकॅन आणि जेकबसन यांनी १९९३ च्या जानेवारीत सॅन डिएगोच्या युझनिक्स परिषदेत हे तंत्र मांडलं तेव्हा सनच्या जुन्या सोयीपेक्षा ते शंभर पटींपर्यंत वेगवान असल्याचं दाखवलं. त्याचं नाव बीपीएफ. आज लिनक्सच्या गाभ्यात गाजणारं ईबीपीएफ हे त्याचंच वंशज.

आता माझी फजिती. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरून मी पहिल्यांदा हे चालवलं, आणि पडदा वेड्यासारखा धावू लागला. प्रत्येक छापलेली ओळ माझ्यापर्यंत यायला नवं पॅकेट निघत होतं, ते पकडलं जात होतं, त्याची नवी ओळ छापली जात होती. स्वतःच्या शेपटीमागे फिरणारं मांजर! एसएसएचची वाहतूक वगळणारे ‘नॉट पोर्ट २२’ हे तीन शब्द मी तेव्हापासून विसरलेलो नाही. दुसरी ठेच अशी की जुन्या आवृत्त्या प्रत्येक पॅकेटचे पहिले ६८ बाइटच ठेवत. पॅकेटची शीर्षकं (हेडर) अभ्यासणाऱ्या त्या तिघांना ते भरपूर होते. आत काय लिहिलंय ते शोधणाऱ्याला रात्रभर पकडून सकाळी नुसती मुंडकी मिळत.

या हत्यारावर लोक किती भिस्त ठेवतात ते चोरांनीही ओळखलं होतं. २००२ च्या नोव्हेंबरात टीसीपीडम्पच्या अधिकृत वितरणातच कुणीतरी घातकी भर घातली. तो कोड १९६३ क्रमांकाच्या पोर्टवर बाहेर संपर्क साधे, आणि पॅकेट पकडून देणाऱ्या सोबतच्या लिबपीकॅप या लायब्ररीत नेमकी त्याच पोर्टची पॅकेट न दाखवण्याची सोय करून ठेवली होती. पहारेकऱ्याच्याच डोळ्यांवर पट्टी.

१९९८ मध्ये याच कामासाठी जेराल्ड कोम्ब्स यांचं ‘इथरील’ आलं, २००६ मध्ये त्याचं ‘वायरशार्क’ झालं, आणि रंगीत खिडक्यांमुळे पुष्कळांचा जीव भांड्यात पडला. गंमत अशी की पॅकेट पकडायला तेही लिबपीकॅपच वापरतं, आणि पकडण्याआधीचा फिल्टर टीसीपीडम्पच्याच भाषेत मागतं. पकडून झाल्यावरचा फिल्टर निराळ्या भाषेत. इथे मुरलेली माणसंही अडखळतात. सर्व्हरला तर खिडकीच नसते. म्हणून बहुतेक जण डॅश डब्ल्यू लावून फाइल भरून घेतात आणि आपल्या लॅपटॉपवर सावकाश वाचतात.

त्या फाइलच्या सुरुवातीला चार बाइटांची खूण असते: ए१ बी२ सी३ डी४. सनच्या त्या यंत्रांवर ती अशीच सुलट लिहिली जाई. आजच्या लॅपटॉपवरची फाइल उघडली तर दिसतं डी४ सी३ बी२ ए१, कारण आपली यंत्रं आकडा शेपटाकडून लिहितात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला खूण आपल्या यंत्राच्या पद्धतीच्या उलट दिसली की तो पुढचे आकडे उलटवून घेतो.