बँगर : घरांचे भाव आणि गावाचा स्वभाव

बँगर : वायव्य वेल्समधील ग्विनेद परगण्यातले छोटे विद्यापीठ-शहर. मुख्य भूमी आणि अँगलसी बेट यांना विभागणाऱ्या मेनाई सामुद्रधुनीच्या काठी ते वसले आहे. लोकसंख्या 15 हजारांच्या आसपास. वेल्समध्ये सेंट डेव्हिड्स आणि सेंट असाफ ही दोनच शहरे याहून लहान आहेत. सहाव्या शतकात संत डेनिओल यांनी येथे मठ स्थापला; पुढे तेथे कॅथीड्रल झाले आणि शहर म्हणवून घेण्याचा मान त्यामुळेच मिळाला. एरवी पसारा तालुक्याच्या गावाएवढाच.

विद्यापीठ 18 ऑक्टोबर 1884 रोजी ‘पेन्रिन आर्म्स’ या जुन्या खानावळ-धर्मशाळेच्या इमारतीत 58 विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. त्यासाठी आसपासच्या पाटीदगडाच्या खाणींतील मजुरांनी आपल्या पगारातून वर्गणी काढली होती. 1911 मध्ये टेकडीवर मुख्य इमारत उभी राहिली आणि गावाचे ‘वरचे’ आणि ‘खालचे’ असे दोन भाग ठळक झाले. खाली दरीत लांबलचक हाय स्ट्रीट, कॅथीड्रल आणि बंदराकडची हिराएल वस्ती. वर अप्पर बँगर, म्हणजे व्हिक्टोरियन काळातली तीनमजली घरे. घरांच्या भावाचे कोडे याच वरच्या भागात सुटते.

ही घरे बांधली गेली ती मोठ्या कुटुंबांसाठी. आज त्यांतल्या बऱ्याच घरांत दर्शनी दिवाणखान्याची झोपायची खोली झाली आहे, प्रत्येक दाराला स्वतंत्र कुलूप आहे आणि फाटकाशी चाकांच्या कचरापेट्या दाटीने उभ्या असतात. भाडे घराचे नसते, खोलीचे असते. कॉट बेसिसचाच हा प्रकार. सहा खोल्या लावल्या की सहा भाडी येतात आणि एका पगारावर चालणारे कुटुंब त्या बोलीत टिकत नाही. म्हणून येथे घराची किंमत ठरवताना परसबाग किंवा शाळा यांपेक्षा खोल्या किती निघतील हा प्रश्न आधी येतो. विद्यापीठाचे विद्यार्थी सुमारे 10 हजार. त्यांतले सगळे गावात राहत नसले, तरी एवढ्याशा वस्तीला तो आकडा भारीच. शिवाय केवळ विद्यार्थीच राहत असलेल्या घराला स्थानिक कर माफ असतो, ही गोष्ट जुन्या रहिवाशांना खटकते. 2016 पासून वेल्समध्ये अशा सामाईक घरांसाठी वेगळा नियोजन-वर्ग आहे. कुटुंबाच्या घराचे तसे रूपांतर करायचे तर परवानगी लागते. मात्र तोवर कित्येक गल्ल्यांचा रंग बदलून गेला होता.

ग्विनेदची बातमी बाहेर पोचते ती सुट्टीच्या घरांमुळे. परगण्याच्या कौन्सिलने दुसऱ्या घरांवरचा स्थानिक कराचा अधिभार एप्रिल 2023 पासून दीडशे टक्के केला. पण तो रोग अॅबरसॉखसारख्या किनाऱ्यावरच्या गावांचा आहे. बँगरचे दुखणे निराळे. येथील भाव वेल्सच्या मानाने फार चढे नाहीत. खुद्द वेल्सची सरासरी 2 लाख पौंडांच्या जरा वर, म्हणजे ब्रिटनच्या सरासरीपेक्षा बरीच खाली आहे. अडचण आहे ती पगारांची. विद्यापीठ आणि इस्बिटी ग्विनेद हे रुग्णालय येथील मोठे रोजगारदाते. बाकी बरीचशी कामे दुकानांतली, हॉटेलांतली. रुग्णालयाजवळच्या पेनरोसगार्नेद भागाला नोकरदारांची मागणी असते. ज्यांना परवडते ते सामुद्रधुनीवरच्या पुलापलीकडे मेनाई ब्रिज गावात राहायला जातात. ऑक्टोबर 2022 मध्ये अभियंता टेलफर्डचा 1826 चा हा झुलता पूल सुरक्षेच्या कारणाने अचानक बंद झाला, तो फेब्रुवारी 2023 पर्यंत. पलीकडे राहण्याची खरी किंमत तेव्हा रोजच्या वाहतूक-कोंडीत मोजावी लागली.

गावाचा स्वभाव खालच्या भागात आणि माएसगेर्खेनमध्ये शोधावा. माएसगेर्खेन ही कौन्सिलने वसवलेली मोठी वसाहत. लोकांच्या तोंडी ‘माएस-जी’. वाक्याच्या शेवटी ‘आय’ जोडायच्या लकबीमुळे अस्सल बँगरकरांना ‘बँगर आय’ असे टोपणनाव पडले आहे. ते चिडवण्यासाठी वापरले जाते आणि अभिमानानेही मिरवले जाते. 2011 च्या जनगणनेत ग्विनेदमध्ये सुमारे 65 टक्के लोक वेल्श बोलणारे होते, बँगरमध्ये 36 टक्क्यांच्या आसपास. या तफावतीचे खापर नेहमी विद्यार्थ्यांवर फुटते. ते बऱ्याच अंशी खरे असले, तरी बंदर, रेल्वे आणि बिशपचे ठाणे असलेल्या या गावात इंग्रजी आधीपासूनच मुरलेली होती. बाहेरचे येणे-जाणेही जुनेच : ऑगस्ट 1967 मध्ये महर्षी महेश योगींच्या शिबिरासाठी बीटल्स येथे आले होते आणि आपले व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांच्या मृत्यूची बातमी त्यांना येथेच कळली.

कौन्सिलची घरे भाडेकरूंना सवलतीत विकण्याची योजना वेल्समध्ये जानेवारी 2019 मध्ये बंद झाली. ग्विनेदची उरलेली घरे त्याआधीच, 2010 मध्ये, एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली होती. तिचे आजचे नाव ‘आद्रा’. गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांसाठी खास बांधलेल्या निवासांची भर पडली आहे आणि 2025 मध्ये विद्यापीठाने सुमारे 200 पदे कमी करण्याचे जाहीर केले. विद्यार्थी घटले तर खोल्या पाडलेली जुनी घरे पुन्हा कुटुंबांना मिळतील, अशी आशा काही जण बाळगतात. पण तसे घर राहण्याजोगे करायचे म्हणजे कुलपांची दारे, जादा न्हाणीघरे आणि मधल्या भिंती काढण्याचा खर्च आला, आणि तो किमतीत धरून घासाघीस करावी लागते.