वयात येणे आणि तहारतचे शिक्षण : ‘बहिश्ती जेवर’च्या संदर्भात

वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीरावरील केस, घाम, स्नान यांविषयी शिकवावे की नाही, हा प्रश्न आधुनिक शिक्षणाने निर्माण केला, असा एक सर्वसाधारण समज आहे. इस्लामी परंपरेचा इतिहास पाहता तो टिकत नाही.

इमाम बुखारी (मृत्यू इ.स. 870) व इमाम मुस्लिम (मृत्यू इ.स. 875) यांच्या हदीससंग्रहांत ‘फितरत’च्या पाच बाबी येतात : खतना, नाभीखालील केस काढणे, काखेतील केस काढणे, नखे कापणे आणि मिशा कातरणे. खतना वगळता उरलेल्या चार बाबींसाठी चाळीस दिवसांची कमाल मर्यादा हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत आढळते. मूल बालिग झाले की नमाज आणि रोजा फर्ज होतात. नमाजसाठी तहारत आवश्यक, आणि तहारतसाठी गुस्ल केव्हा व कसे करावे याचे ज्ञान आवश्यक. त्यामुळे हा विषय टाळणे फिकहच्या ग्रंथकारांना शक्यच नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी (1863–1943) यांनी हे ज्ञान मदरशाबाहेर, घरातील मुलींपर्यंत सोप्या उर्दूत नेले. ‘बहिश्ती जेवर’ या त्यांच्या ग्रंथात हैज, गुस्ल आणि पाकी यांचे मसले स्पष्ट शब्दांत आहेत. पुरुषांसाठी ‘बहिश्ती गौहर’ हा भाग जोडला गेला. त्यात केसांविषयीचे विवेचन लक्षणीय आहे. नाभीखालील केसांसाठी पुरुषांनी वस्तरा वापरणे बरे, हरताळ वगैरे लावूनही चालते. स्त्रियांनी ते उपटून काढावेत. छाती व पाठीवरील केस काढणे जायज असले तरी अदबला सोडून मानले आहे. अंगावरील इतर केस मात्र ठेवावेत किंवा काढावेत, दोन्ही दुरुस्त. म्हणजे कर्तव्य कोठे संपते आणि व्यक्तीची निवड कोठे सुरू होते, याची रेषा तेथे आखलेली आहे.

हे शिकवावे कसे, याचाही विचार थानवींनी केला. शिकवणारा पुरुष असेल तर संकोचाचे मसले त्याने आपल्या पत्नीकरवी समजावून द्यावेत. तेही शक्य नसेल तर त्या जागी खूण करून ठेवावी, म्हणजे मुली पुढे स्वतः समजून घेतील. शरम जपली, परंतु ज्ञान वगळले नाही.

याच्या उलट चित्र शंभर वर्षांनी दिसले. केंद्र शासनाच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला 2007 मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश व गुजरात या राज्यांत तीव्र विरोध झाला. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथील मराठी भाषक मुलेही याच राज्यांतील. त्यांपैकी ज्यांना उर्दू लिपी येत नाही, त्यांना ‘बहिश्ती जेवर’ही मूळ रूपात वाचता येत नाही.

जुन्या ग्रंथातील प्रत्येक उपाय आज जसाच्या तसा घेता येणार नाही. हरताळात आर्सेनिक असते. वस्तऱ्याने त्वचेला सूक्ष्म जखमा होतात, म्हणून तो स्वच्छ आणि ज्याचा त्याचा स्वतंत्र असावा. केस म्हणजे घाण नव्हे. वयात येताना काखेतील घर्मग्रंथी कार्यरत होतात आणि घामावर जीवाणूंची क्रिया होऊन वास येतो, एवढेच. गोऱ्या, केसरहित त्वचेच्या जाहिराती पाहून स्वतःच्या अंगाची लाज वाटू लागलेल्या मुलीला हे कोणीतरी सांगायला हवे. अध्यापकाला ते स्वतः सांगणे अवघड वाटत असेल, तर सहकारी अध्यापिकेकडे सोपवता येते; निदान खूण तरी करून ठेवता येते.