वाशिमचा घोडा आणि माझी कच्ची मांड

दर शनिवारी सकाळी मी घोडेस्वारी शिकायला जातो, हे वाशिमला घरी अजून सांगितलेलं नाही. आई म्हणेल, "हात-पाय मोडून घेशीन बाप्पा!"

शिकतोय ते ड्रेसाज, म्हणजे इशाऱ्यावर घोडा चालवणं. पहिलाच धडा : रिकिबीतून पाय काढा, नुसत्या मांडीवर बसा. दुडकी सुरू झाली की मी घाबरून लगाम ओढतो आणि घोडा थांबतो. टाच म्हणते 'चल', हात म्हणतो 'थांब'. आमच्या भाषेत, चक्क डेडलॉक!

ग्रीक सेनानी झेनोफोनने इ. स. पूर्व चौथ्या शतकात हेच लिहून ठेवलंय : घोड्यावर जबरदस्ती करू नका.

आता आमचं वाशिम. जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा सर्वसेनाची. त्याचा बाप पहिला प्रवरसेन. त्याने चार अश्वमेध केल्याचं वाकाटकांच्या ताम्रपटांत कोरलंय. गंमत बघा, अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा फिरे, मागे सैन्य. वर्ष संपलं की त्याचाच बळी!

ड्रेसाजचा घोडा ६० बाय २० मीटरच्या चौकटीतच फिरतो, पण स्वाराचं ऐकत. २०२३ साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये याच प्रकारात भारताच्या संघाने सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी. संघात मुंबईचा हृदय छेडाही होता.

परवा मी पहिल्यांदाच लगाम सैल सोडला. घोड्याने मान खाली घेतली, फुर्र केलं आणि चालत राहिला. आता आईला सांगायला हरकत नाही.