आनंदवनाची वाटचाल : ताईंच्या चुलीपासून

एचएसआर लेआउटमधल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या स्मरणिकेला यंदा आई आणि आजी हा विषय ठरला, तेव्हा साधनाताई आमटे यांच्यावर लिहायचं मी मागून घेतलं. आनंदवन म्हटलं की बाबा आमट्यांचं नाव आधी येतं, आणि ते यायलाच हवं. पण त्या माळरानावर संस्था उभी राहताना तिथे आधी एक घर उभं राहिलं, आणि ते घर ताईंनी मांडलं. त्यामुळे ही वाटचाल ताईंच्या बाजूने सांगितली नाही तर ती अर्धीच राहते, असं माझं ठाम मत आहे.

ताईंचा जन्म ५ मे १९२६ चा. माहेर नागपूरच्या घुले शास्त्रींचं, सोवळंओवळं कडक पाळणारं. माहेरचं नाव इंदू. लग्नघरात सगळे नटूनथटून मिरवत असताना ही मुलगी मागच्या दारी एका म्हाताऱ्या मोलकरणीला धुण्याला हात लावत होती. बाबांनी ते पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं, ही हकीकत विदर्भात अनेकांना तोंडपाठ आहे. १८ डिसेंबर १९४६ ला त्यांचं लग्न झालं. संसार सुरू झाला तो वरोऱ्याच्या श्रमाश्रमात, सगळ्या जातींची माणसं एकत्र राबून एकत्र जेवत तिथे. १९४७ च्या ऑक्टोबरात विकास झाला, १९४८ च्या डिसेंबरात प्रकाश. पुढच्याच वर्षी बाबा कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. आनंदवन चालवणाऱ्या महारोगी सेवा समितीची स्थापनाही १९४९ चीच. त्या काळात दोन तान्ही मुलं सांभाळत ताई मागे राहिल्या होत्या, हे मात्र संस्थेचा इतिहास सांगताना सहसा कोणी सांगत नाही.

जून १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाचं उद्घाटन झालं ते विनोबांच्या हस्ते. तेलंगणातली भूदानाची पहिली पदयात्रा करून ते तेव्हा पवनारकडे परतत होते. सरकारकडून मिळालेली पन्नास एकर खडकाळ जमीन, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, एवढंच भांडवल. आसपास साप, विंचू आणि वाघाचा वावर. विहीर खणल्याशिवाय प्यायलाही पाणी नाही. विकास साडेतीन वर्षांचा, प्रकाश अडीच वर्षांचा.

इथे जरा थांबून सांगायला हवं. कुष्ठरोगाचा जंतू फार संथ चालीचा आहे. शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी कधी वीसही. रोग सहजासहजी लागत नाही, बहुतेकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद असते, हे आज आपण निर्धास्तपणे म्हणतो. १९५१ साली गावोगाव समज उलटा होता. औषध म्हणून सल्फोन गटातल्या गोळ्या-इंजेक्शनं नुकती हाताशी आली होती. आज वापरली जाणारी बहुऔषधी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली ती थेट १९८१-८२ मध्ये. अशा दिवसांत या बाईने आपली दोन मुलं रुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढू दिली. तापाची धास्ती दोन दिवसांत सरते, ही धास्ती वर्षानुवर्षं उशाशी घेऊन झोपायची होती. मुलाच्या पाठीवर फिकट चट्टा दिसला की कोणत्याही आईच्या पोटात गोळा येईल. ताईंनी मुलं उचलून नागपूरला माहेरी नेऊन ठेवली असती, तर कोणी त्यांना बोल लावला नसता. त्यांनी तसं केलं नाही. बाबांनी कितीही भाषणं दिली असती, तरी रोग्याला माणूस मानण्याचा एवढा रोकडा पुरावा दुसरा झाला नसता.

आणि रोजचं काम? दळण, स्वयंपाक, गाईची धार, आल्यागेल्याचं ताट. ज्यांच्या बोटांना संवेदना उरलेली नाही, त्यांना चुलीजवळ काम देणं धोक्याचं असतं. हात भाजला तरी कळत नाही, फोड येतो, तो चिघळतो. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत चूल ताईंची, आणि ताईंच्या हातची भाकरी सगळ्यांची.

रुग्णांनी पिकवलेली भाजी वरोऱ्यात कोणी घेत नसे. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेमार्फत निरनिराळ्या देशांतले तरुण श्रमदानाला आले, आनंदवनात राहिले, तिथलंच जेवले. परदेशी पोरं खातात म्हटल्यावर गावाचा धीर चेपला आणि भाजी खपू लागली. ही गोष्ट संस्थेच्या इतिहासात वळण म्हणून सांगतात, आणि ती खरी आहे. मला मात्र वाटतं, त्या तरुणांच्या आधी तीन वर्षं दोन लहान मुलं तेच अन्न खाऊन वाढत होती, त्याचीही नोंद व्हायला हवी.

पुढे आनंदवन वाढलं. १९६४ ला आनंद निकेतन महाविद्यालय निघालं, त्यानंतर सोमनाथचा प्रकल्प आणि तिथली तरुणांची श्रमसंस्कार छावणी. अंध-अपंगांच्या शाळा, हातमाग, छापखाना असं बरंच काही झालं. त्या सगळ्याची यादी इथे देत नाही. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सुखसदन. बऱ्या झालेल्या पण घरच्यांनी टाकलेल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या सोबतीला एक तरुण जोडपं, त्यांची मुलं, आणि सगळ्यांचं मिळून एक घर. रक्ताचं नातं नाही, पण म्हाताऱ्यांना सून-मुलगा मिळतो आणि पोरांना आजी-आजोबा. आजीपण ही संस्थेची रचना होऊ शकते, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

आमच्या एचएसआरमध्ये हे वाचणाऱ्यांत आज्या पुष्कळ आहेत. सकाळी अगरा तलावाच्या काठाने फिरताना भेटतात : कोणी अमरावतीची, कोणी नागपूरची, कोणी चंद्रपूरची. मुलगा-सून दोघंही नोकरीवर, नातवंड लहान, म्हणून आपलं गाव, शेजार, भजनी मंडळ मागे ठेवून त्या सेक्टरांच्या या वसाहतीत येऊन राहिल्या आहेत. कानडी येत नाही, तरी भाजीवालीशी खुणांनी हिशेब करतात. आपण फार काही केलं असं त्यांतली एकही म्हणत नाही. आणि त्यांची वाट ताईंच्या दारावरूनच येते : नागपूरहून संघमित्रा एक्सप्रेसने इकडे येताना बल्लारशाहच्या आधी वरोरा स्टेशन मागे पडतं. तिथून आनंदवन अगदी जवळ.

डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आणि सून मंदाकिनी, दोघंही डॉक्टर, तिथे राहायला गेले. वीज नाही, पावसाळ्यात वाटा बंद. त्यांच्या मुलांनी, दिगंत आणि अनिकेत यांनी, माडिया आदिवासी मुलांच्याच आश्रमशाळेत धुळाक्षरं गिरवली. १९५१ साली सासूने जे केलं, तेच सुनेने पुढच्या पिढीत केलं. आनंदवनात विकास आणि भारती, तेही डॉक्टरच, काम पाहत होते. संस्था वारसांनी चालवली, अशी टीका मी ऐकली आहे. वारशात नेमकं काय मिळालं, हे टीका करणाऱ्याने एकदा बघावं.

ताईंना मात्र निवांत आजीपण फारसं लाभलं नाही. १९९० मध्ये बाबा नर्मदेवरच्या धरणांविरोधातल्या आंदोलनासाठी नदीकाठी कसरावदला जाऊन राहिले. मणक्याच्या दुखण्याने त्यांना बसता येत नव्हतं, एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. चौसष्टाव्या वर्षी ताईंनी नदीकाठी पुन्हा नवी चूल मांडली. नातवंडं तिकडे आनंदवनात आणि हेमलकशात मोठी होत होती. आलेल्या आंदोलकांना जेवू घालणं, बाबांचं पथ्यपाणी आणि आपली देवपूजा, तिन्ही त्यांनी सांभाळलं. बाबांचा देवधर्माशी संबंध नव्हता, ताईंचा होता, आणि त्यावरून घरात कधी कोणाला बदलावं लागलं नाही. ‘समिधा’ या आत्मकथनात ताईंनी हा सगळा संसार सांगितला आहे. ते पुस्तक आज्यांनी नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवावं, अशी माझी विनंती आहे.

९ फेब्रुवारी २००८ ला बाबा गेले. त्याच वर्षी प्रकाश-मंदाकिनी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो पाहायला ताई होत्या. ९ जुलै २०११ ला कर्करोगाने त्याही गेल्या. आता विकासचा मुलगा कौस्तुभ आनंदवनात आणि दिगंत-अनिकेत हेमलकशात काम पाहतात. सोमनाथची छावणी दर मे महिन्यात भरते, तिला मुलामुलींना पाठवता येतं. इथल्या शाळांना तेव्हा सुट्टीच असते.