वारशाचा साक्षीदार : छायाचित्र

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण आपण सारेच वापरतो. म्हणीतले पेडगाव भीमेकाठचे, बहादूरगडाचे, असे सांगतात. परभणीहून मनमाडच्या लोहमार्गाने निघाल्यावर लागणारे आपले पेडगाव निराळे. परंतु ठाऊक असून नसल्याचे सोंग आणणे, हा म्हणीचा अर्थ कोणत्याही गावाला लागू पडतो. वेशीजवळचा वीरगळ शेंदराखाली दिसेनासा होतो, बारवेत केर साठतो, माळावरची हरणे कमी होतात. आपण पाहतो आणि न पाहिल्यासारखे करतो. हे सोंग उघडे पाडणारा साक्षीदार म्हणजे छायाचित्र.

त्याचा महिमा कळावा म्हणून अजिंठ्याची हकीकत सांगतो. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून पुन्हा नकला केल्या. १८८५ मध्ये लंडनमधील संग्रहालयाला आग लागून त्यांतल्याही पुष्कळ गेल्या. मात्र गिलने मध्यंतरी कॅमेराही हाती घेतला होता. त्याची लेणी-मंदिरांची छायाचित्रे फर्गसनच्या विवेचनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. नकलेची प्रत एकच, ती जळली की संपली. छायाचित्राच्या प्रती अनेक. त्या पांगल्या म्हणून उरल्या.

हा उद्योग केवळ साहेबांचा नव्हता. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, तीत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी होते. पुढे भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले, हे आपण जाणताच.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही होत्या. त्या काळची काच निळा रंग पांढुरका दाखवी आणि तांबडा काळा. ज्या चित्रांचा प्राण गेरूत, त्यांचे रूप तीत कसे उतरावे? ती उणीव पुढे भरून निघाली. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. परभणी तेव्हा त्याच संस्थानात होते. यझदानींचा अजिंठ्यावरील चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात निघाला. त्यात रंगीत छायाचित्रांचा आधार घेतला होता. गुहेतला रंग आज कोठे उडाला, हे पाहायला अशी जुनी चित्रेच मोजपट्टी ठरतात.

निसर्गाच्या बाबतीत साक्ष अधिक कठोर आहे. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले; ते देशातले शेवटचे मानले जातात. त्यांचे छायाचित्र मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पोचले. पुरावा उत्तम होता, पण चित्ते मेल्यावरचा होता. जिवंतपणी काढलेले चित्र रक्षणाच्या कामी येते, मेल्यावरचे फक्त श्राद्धाच्या.

वेळेवर काढलेले चित्र काय करू शकते, तेही ऐका. तामिळनाडूतील श्रीपुरंदान येथील नटराजाची चोरलेली मूर्ती ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय कलादालनात जाऊन पोचली होती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात ती मंदिरात असतानाचे छायाचित्र होते. ती साक्ष कामी आली, आणि २०१४ मध्ये मूर्ती भारतात परतली. ज्या मूर्तीचे चित्र नाही, तिच्यासाठी भांडायचे कशाच्या जोरावर?

म्हणून माझी सूचना साधी आहे. जिंतूरची नेमगिरी, चारठाण्याची मंदिरे यांकडे अभ्यासक येतील. पेडगावसारख्या गावाकडे गावकऱ्यांनीच पाहिले पाहिजे. आज खेड्यापाड्यांत मोबाइल आहे. गावातली प्रत्येक जुनी मूर्ती, शिळा, विहीर, जुना वृक्ष यांचे चित्र काढावे. मोजमापासाठी शेजारी काठी ठेवावी. तारीख आणि जागा लिहावी. दरवर्षी त्याच जागी उभे राहून पुन्हा काढावे. घरट्याजवळ मात्र जाऊ नये, आणि दुर्मिळ पाखराचा ठिकाणा जाहीर करू नये. एक प्रत शाळेत, दुसरी गावाबाहेर ठेवावी. दोन आगींनी शिकवलेला धडा हाच.

चित्र भिंत सावरत नाही की झाड जगवत नाही. ते काम माणसांचेच. पण चित्र समोर असले म्हणजे ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. निदान आपल्या पेडगावाला तरी वेड पांघरून जाऊ नये, एवढेच मागणे.